आईचा आवाज कोणत्या फोल्डरमध्ये आहे?

फोन जुना होतो, नवा घेतला जातो, दुकानातला मुलगा फोटो आणि नंबर नव्या फोनमध्ये घालून देतो. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी लक्षात येतं, की आईनं पूर्वी पाठवलेले व्हॉइस मेसेज आता वाजत नाहीत. चॅटमध्ये ते दिसतात, किती सेकंदांचे आहेत तेही दिसतं. पण बोट लावलं की फाइल सापडत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं उत्तर मिळतं. आणि पाठवणारं माणूसच या जगात नसेल, तर?

आपल्या माणसांचं बोलणं आजच्याइतकं कुठल्याच पिढीजवळ जमलेलं नव्हतं. पणजीचा आवाज कसा होता हे आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. आपल्या नातवंडांना मात्र ते कळू शकतं. रेकॉर्ड करणं सोपं झालंय. अवघड आहे ते दहा वर्षांनी हवा तो आवाज हाती लागणं, आणि त्यासाठी थोडी शिस्त लागते. ती काय असावी हे पुढे सविस्तर लिहिलं आहे. सगळा भर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजावर ठेवला आहे, कारण किराण्याची यादी किंवा बैठकीतले मुद्दे हरवले तर पुन्हा बोलून घेता येतात.

आधी साठलेलं बाहेर काढा

नवीन रेकॉर्डिंगच्या मागे लागण्यापूर्वी आहे ते वाचवा. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची सोय २०१३ मध्ये आली, म्हणजे काही घरांत दहा-बारा वर्षांचं बोलणं चॅटमध्ये पडून आहे. निरोप पोचला की तो कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला जात नाही. तो तुमच्या फोनमध्ये असतो आणि बॅकअप घेत असाल तर बॅकअपमध्ये. फोन बिघडला, बॅकअप अर्धवट राहिला, किंवा जागा मोकळी करण्याच्या भरात कुणी 'ऑडिओ' नावाचं सगळं पुसून टाकलं, की विषय संपला.

अँड्रॉइड फोनमध्ये या फाइली कुठे असतात ते पाहून घ्या. फाइल्सचं ॲप उघडून इंटरनल स्टोरेजमध्ये जा. तिथून 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, त्यात आणखी एक 'व्हॉट्सॲप' फोल्डर, मग पुन्हा 'मीडिया' आणि शेवटी 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स'. आत वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक जोडून केलेली फोल्डरं दिसतील: २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्याचं '२०२४३२', अशी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते, पण बोलणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आईचा निरोप, दूधवाल्याचा निरोप आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप एकाच रांगेत. म्हणून सगळं फोल्डर संगणकावर उतरवून ठेवा, तेवढं आधी कराच; पण आईचे निरोप वेगळे काढायचे तर चॅटमधूनच काढा. निरोपावर बोट दाबून धरा, 'शेअर' निवडा आणि ड्राइव्हमध्ये किंवा फोनच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. आयफोनवर दाबून धरल्यावर 'फॉरवर्ड' घ्या, मग शेअरच्या खुणेवरून 'सेव्ह टू फाइल्स'. एकेक निरोप काढायला वेळ लागतो. पण त्या निमित्तानं ते ऐकले जातात, आणि कुठला ठेवायचा हे ऐकल्याशिवाय ठरत नाही. 'पोचलीस का गं, जेवलीस का' एवढाच आठ सेकंदांचा निरोप कधीकधी तासाभराच्या मुलाखतीपेक्षा मोलाचा असतो, कारण तो कुणी विचारून घेतलेला नसतो.

हे निरोप ओपस नावाच्या प्रकारात साठवलेले असतात. एखाद्या संगणकावर ते उघडले नाहीत तर घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही. व्हीएलसी हे मोफत मिळणारं ॲप ते वाजवतं. आणखी एक गोष्ट तपासा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज तुमच्या किंवा आईच्या फोनमध्ये सुरू तर नाहीत ना? त्यात २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत असते. नातवानं गंमत म्हणून सुरू केलेली ही सोय कुणाच्या ध्यानीमनी नसताना आवाज पुसत राहते.

आणि यापुढे लांबलचक आठवण, गाणं, ओवी व्हॉट्सॲपच्या माइकवर घेऊ नका. तिथला आवाज बोलणं कळावं आणि डेटा कमी लागावा अशा बेतानं दाबलेला असतो. निरोपाला तो पुरतो. आजीच्या गळ्यातली कंपनं, शब्दाच्या शेवटी रेंगाळणारा हेल, हे त्यात पातळ होतं.

फोनमध्ये काय लावायचं

नवं ॲप शोधत बसायची बहुधा गरज नसते. आयफोनमध्ये 'व्हॉइस मेमोज' असतं, सॅमसंगचं 'व्हॉइस रेकॉर्डर' आहे, इतर बहुतेक कंपन्यांच्या फोनमध्येही साधा रेकॉर्डर येतो. सेटिंगमध्ये जाऊन दर्जा सर्वांत वरचा निवडा. व्हॉइस मेमोजसाठी सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ क्वालिटी' आहे, तिथे 'लॉसलेस' घेतलं तर आवाज न गाळता साठतो. गाण्यासाठी ते घ्या. गप्पांसाठी नेहमीचा दाबलेला प्रकार चालतो.

जागेची चिंता लोक उगाच करतात. १२८ केबीपीएस दर्जाचं एक तासाचं बोलणं साधारण ५८ एमबी होतं. म्हणजे १६ जीबीच्या साध्या पेन ड्राइव्हवर अडीचशेहून जास्त तास मावतात. अजिबात न दाबलेल्या, वेव्ह प्रकारच्या एका तासाला, एकाच चॅनलचा आवाज असेल तर, साधारण ३१८ एमबी लागतात. लग्नाच्या एका व्हिडिओपुढे हे काहीच नाही.

रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाका. मध्येच फोन आला की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं, आणि बोलणाऱ्याची लय तुटते ती वेगळीच. बॅटरी आणि मोकळी जागा पाहा. वीस सेकंद रेकॉर्ड करून ऐका, आणि तेही कानाला हेडफोन लावून. फोनच्या छोट्या स्पीकरवर पंख्याची घरघर लपते, हेडफोनमध्ये लपत नाही.

खोली, अंतर आणि बांगड्या

सर्वांत जास्त फरक पडतो तो फोन कुठे ठेवला यानं. महागडा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि साधा फोन वीतभर अंतरावर, तर साधा फोन जिंकतो. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत घुमणारा आवाज आणि पंखा मात्र तेवढेच राहतात. म्हणून एक वीत ते एक हात एवढ्या अंतरात फोन ठेवा. मुख्य माइक फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड बोलणाऱ्याकडे करा आणि हातात धरायचा तर तिथे बोट येऊ देऊ नका. अगदी तोंडासमोर धरू नका, जरा बाजूला ठेवा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो.

टेबलावर फोन नुसता ठेवला तर कप ठेवल्याचा आवाजही बॉम्ब पडल्यासारखा येतो. खाली घडी घातलेला टॉवेल किंवा नॅपकिन ठेवा. खोली निवडताना बैठकीची खोली नको. तिथे फरशी, भिंती, काच, सगळं आवाज परतवणारं असतं. गाद्या, उशा, कपड्यांचं कपाट, पडदे असलेली झोपायची खोली उत्तम. पंखा बंद. उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला पंख्याशिवाय बसवणं मात्र बरोबर नाही. सकाळी लवकर बसा, नाहीतर पंखा मंद ठेवून वाऱ्याचा झोत फोनवर येणार नाही असं पाहा. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, शेजारच्या बांधकामाची ड्रिल, कुकरची शिट्टी यांच्या वेळा घरच्यांना ठाऊकच असतात. दुपारी जेवणं आटोपल्यावर दोन ते चार ही वेळ बहुतेक घरांत निवांत मिळते, आणि त्या वेळी आज्या बोलायलाही मोकळ्या असतात.

बांगड्यांचा मात्र विचार करून ठरवा. हातवारे करत बोलणाऱ्या आत्याच्या बांगड्या किणकिणतात आणि शब्द झाकोळतात, म्हणून तिला त्या काढायला सांगायचा मोह होतो. सांगू नका. फोन हातांपासून थोडा लांब, तोंडाच्या रेषेत आणा. काही वर्षांनी ती किणकिणही तुम्हाला हवी असेल.

दोघी एकमेकींसमोर बसून बोलणार असतील तर सॅमसंगच्या रेकॉर्डरमधला 'इंटरव्ह्यू' मोड कामाचा आहे. तो फोनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही माइकनं ऐकतो. एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे करून फोन मधोमध ठेवायचा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक टाळा, त्यातला आवाज बहुधा फोनवरच्या बोलण्यासारखा कोंदट येतो. वायरचा कॉलर माइक मिळाला तर छान; तो पदराला किंवा उपरण्याला घासणार नाही एवढं बघा.

परगावी, परदेशी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी युक्ती. व्हिडिओ कॉलवरचं रेकॉर्डिंग इंटरनेटच्या लहरीनुसार तुटतं. त्याऐवजी कॉल एका फोनवर चालू द्या आणि आजीशेजारी बसलेल्या भाच्याला किंवा शेजारणीला दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग करायला सांगा. प्रश्न न्यू जर्सीतून, आवाज सांगलीतला, आणि फाइल स्वच्छ.

काय विचारायचं

यंत्राचा भाग इथे संपतो, आणि खरं काम सुरू होतं. सुरुवातीलाच विचारा: "आजी, तुझं बोलणं मी फोनमध्ये ठेवतोय, चालेल ना?" लपवून केलेलं रेकॉर्डिंग नैसर्गिक येतं असं काही जण म्हणतात. माझ्या मते घरातही ते करू नये. ज्या माणसाचा आवाज आहे त्याला तो ठेवला जातोय हे ठाऊक असलं पाहिजे, आणि 'हे बंद कर' म्हणायचा हक्कही असला पाहिजे. पाच मिनिटांत फोनचा विसर पडतो. मग बोलणं आपोआप मोकळं होतं.

'काहीतरी सांग ना जुनं' असं म्हटलं की कुणालाच काही आठवत नाही. नेमकं विचारा. माहेरच्या परसात कुठली झाडं होती? शाळेला जाताना वाटेत कोणाकोणाची घरं लागत? लग्नात रुखवतात काय काय मांडलं होतं? पहिला पगार किती होता आणि त्यातून काय आणलं? वस्तू हातात द्या: जुनी पितळी, अडकित्ता, रेशनकार्ड, लग्नाचा काळा-पांढरा फोटो. फोटो दाखवताना तो कुठला हे तोंडानं बोला, कारण नंतर ऐकणाऱ्याला तो दिसणार नाही: "हा तुमच्या वाड्याच्या पायरीवरचा फोटो, यात डावीकडे कोण आहे?"

वर्ष विचारू नका, घटना विचारा. जुन्या माणसांच्या आठवणी कॅलेंडरवर नसतात, पुरा-दुष्काळावर टांगलेल्या असतात. पुण्याच्या माणसाला पानशेतचा पूर विचारा, १२ जुलै १९६१ ही तारीख आपण नंतर लिहू. साताऱ्या-कराडकडच्यांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडच्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. मराठवाड्यातल्या आणि दुष्काळी पट्ट्यातल्या कोणत्याही सत्तरीपुढच्या माणसाला बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की सुकडी, खडी फोडायची कामं, लाल मिलो आणि छावण्यांतली जनावरं आपोआप निघतात. लालबाग-परळच्या घरांत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आहे. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ चा मुक्तिदिन आहे. 'तुमचं लग्न पुराच्या आधीचं की नंतरचं?' एवढ्या एका प्रश्नानं घराण्याची निम्मी वर्षं जागेवर बसतात.

आजी किंवा आत्या बोलत असताना आपण गप्प राहायचं. 'हो का', 'बाप रे', 'हं हं' हे सगळं फाइलमध्ये जातं आणि फोन आपल्याजवळ असेल तर त्यांच्या आवाजापेक्षा मोठं येतं. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या. त्या थांबल्या की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मोजून पाच-सहा सेकंद थांबा. पुष्कळदा सांगण्यासारखी गोष्ट त्या शांततेनंतर येते. चुकीचं वर्ष, चुकीचं नाव सांगितलं तरी मध्येच दुरुस्त करू नका. वाद घालायची ती वेळ नव्हे.

आणि भाषा तर मुळीच दुरुस्त करू नका. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, झाडीबोली बोलणारं माणूस रेकॉर्डिंग म्हटलं की शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागतं. तुम्ही स्वतः त्याच बोलीत प्रश्न विचारा, तेही लगेच आपल्या बोलीत येतील. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नमुने गावोगावी जाऊन ध्वनिमुद्रित केले आहेत. त्या कामालाही लोक आपल्या घरात बोलतात तसंच बोललेलं हवं होतं. तुमच्या घरातली बोली तुमच्याइतकी जवळून दुसरं कुणीच नोंदवू शकत नाही.

पाककृती घ्यायची असेल तर आईला स्वयंपाक करता करता बोलायला लावू नका. फोडणी, कढई, एक्झॉस्ट फॅन यांत शब्द बुडतात. आधी बसून सगळं सांगू द्या, मग हवं तर करतानाचं वेगळं रेकॉर्डिंग घ्या. काळा मसाला किंवा गोडा मसाला सांगताना 'दोन वाट्या धणे, मूठभर दगडफूल' असं येणारच. वाटी कुठली, हे विचारा. त्या वाटीचा फोटो काढा, तिच्यात पाणी भरून मापाच्या पेल्यानं मोजा, आणि ते माप रेकॉर्डिंगमध्येच बोलून टाका. 'अंदाजानं' या शब्दापाशी थांबून 'अंदाज म्हणजे किती, हातावर घेऊन दाखव' म्हणा आणि हातावर आलेलं चमच्यानं मोजा. घरचा मसाला पुढच्या पिढीत बिघडतो तो बहुधा या न मोजलेल्या वाटीपायी.

ओव्यांचं तंत्र निराळं. जात्यावर बसल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं अनेक बायका सांगतात, आणि ते खरं आहे. शब्द हाताच्या फेऱ्यात अडकलेले असतात. घरात जातं असेल तर मूठभर ज्वारी घेऊन बसवा. नसेल तर रिकाम्या हातानं तोच फेरा घेऊ द्या, एखादीला जोडीला बसवा, कारण ओवी बहुधा दोघींची असते. इथे एक तांत्रिक सावधगिरी. अनेक फोन सतत चालणाऱ्या एकसुरी आवाजाला गोंगाट समजतात आणि दाबतात. जात्याची घरघर मग येते-जाते, आणि तिच्याबरोबर लांबवलेला सूरही कापला जातो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'नॉइज रिडक्शन' किंवा तत्सम काही सुरू असेल तर गाण्यापुरतं बंद करा. जातं जमिनीवर असेल तर फोन जमिनीवर नको. स्टुलावर, टॉवेलवर, गाणारीच्या तोंडाच्या उंचीला.

या कामात आपल्यापुढे मोठा आदर्श आहे. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याला राहून, खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांसह, १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली, गावं हजाराहून जास्त. संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात आले आणि सव्वाशे तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झालं. हा संग्रह आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात कोणालाही ऐकता येतो. तो इतक्या वर्षांनी वापरता येतो याचं कारण तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, विषय हे सगळं जागच्या जागी नोंदलेलं आहे. नावगाव नसलेल्या लाखभर ओव्या कुणाच्याच उपयोगाला आल्या नसत्या.

थांबवल्यानंतरची दोन मिनिटं

'न्यू रेकॉर्डिंग १७', 'व्हॉइस ००४', 'स्टँडर्ड रेकॉर्डिंग २९'. तुमच्या फोनमध्ये अशी नावं असतील तर ती रेकॉर्डिंगं तूर्त हरवलेलीच समजा. आयफोन कधीकधी ठिकाणाचं नाव देतो, मग 'कर्वे रोड', 'कर्वे रोड २', 'कर्वे रोड ३' अशी रांग लागते, तीही निरुपयोगी.

थांबवण्याचं बटण दाबलं की चहा येण्याच्या आत नाव द्या. 'नंतर देऊ' म्हटलं की देणं होत नाही. नावाची रचना एकच ठेवा: तारीख, माणूस, गाव, विषय. '२०२६-०१-१४_मोठी-आत्या_वाई_काळा-मसाला' असं. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. '१४ जाने' असं लिहिलं की लागत नाहीत. फाइलचं नाव मराठीत लिहायला आता हरकत नाही, मात्र तारखेचे आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. काही ठिकाणी देवनागरी आणि काही ठिकाणी इंग्रजी आकडे झाले की क्रम मोडतो. 'आई', 'आजी' एवढंच लिहिणंही पुरेसं नाही. तुमची आई तुमच्या मुलीची आजी आहे, आणि तिच्या मुलांची पणजी होईल. कुणाची कोण ते एकदा, कुठेतरी, पूर्ण नावानिशी लिहून ठेवा.

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे नाव आवाजातच ठेवणं. बोलणं सुरू करण्यापूर्वी स्वतः सांगा: "आज १४ जानेवारी २०२६, बुधवार, संक्रांत. वाईच्या घरी मोठी आत्या बोलते आहे, सोबत मी." आत्यालाच तिचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, वय सांगायला लावा. फाइलचं नाव बदललं, फोल्डर हललं, तरी ही ओळख आवाजापासून सुटत नाही.

एक वही करा. हो, कागदाची. किंवा संगणकावरचा तक्ता. एका ओळीत फाइलचं नाव, किती मिनिटं, आणि आत कुठे काय आहे: '१२:४०, पानशेतचा पूर, २१:०५, आजोबांची नोकरी गेली तेव्हा, ३३:१०, अंगाई'. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग नंतर कुणी पहिल्यापासून ऐकत नाही. अंगाई कुठे आहे ते कळलं तर मात्र नात ती दहादा लावते.

काटछाट करायची तर प्रतीवर करा. मूळ फाइल खोकला, अडखळणं, 'अगं दूध उतू जातंय' यांसकट तशीच राहू द्या. व्हॉइस मेमोजमध्ये तुकडा कापताना बदल मूळ फाइलवरच होऊ शकतो, म्हणून आधी डुप्लिकेट करून घ्या. चुकून काढून टाकलेलं तिथे 'रिसेंटली डिलिटेड'मध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार ३० दिवस मिळतं, पुढे नाही. एमपीथ्री करून ठेवायचा आग्रहही नको. दाबलेला आवाज पुन्हा दाबला की दर्जा आणखी उतरतो.

तीन जागा

एक प्रत फोनमध्ये, एक घरातल्या संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर: गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड, किंवा नागपूरच्या भावाकडची पेन ड्राइव्ह. गूगल १५ जीबी आणि ॲपल ५ जीबी मोफत देतं. नुसत्या आवाजासाठी १५ जीबी पुष्कळ आहेत, पण अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो आणि व्हिडिओंनी जागा भरते. क्लाउडशी जोडलेलं फोल्डर म्हणजे वेगळी प्रत नव्हे, हेही ध्यानात घ्या. फोनमधून पुसलं की तिथूनही पुसलं जातं. दिवाळीच्या साफसफाईत एकदा पेन ड्राइव्ह लावून दोन-चार फाइली वाजवून पाहा. न वाजवता कपाटात राहिलेल्या पेन ड्राइव्हवर विश्वास टाकू नये.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ती नावासकट जशीच्या तशी जाते. पाठवण्यापूर्वी बोलणाऱ्याला मात्र विचारा. सासूबद्दल, दिराबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल आत्या तुमच्यापाशी बोलली, पन्नास जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपशी नव्हे. असे भाग वहीत खूण करून वेगळे ठेवा, आणि कधी उघडायचे तेही तिलाच विचारा.

लिहून काढणं

मराठीत बोललेलं लिहून देणारी साधनं आता आहेत. गूगलनं बोलून टंकण्याच्या भाषांत मराठी २०१७ मध्ये घेतली. जीबोर्ड आणि गूगल डॉक्समध्ये ती वापरता येते. पण ही साधनं एकट्यानं, स्पष्ट, प्रमाण मराठीत बोललेलं बरं उतरवतात. दातांशिवाय बोलणारे आजोबा, दोघींचं एकदम बोलणं, अहिराणीतला वाक्प्रचार यांचा ती चुराडा करतात. एक मार्ग चांगला चालतो. कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य ऐका आणि स्वतःच्या आवाजात ते जसंच्या तसं डॉक्समध्ये बोला. टंकण्याचे कष्ट वाचतात, आणि बोलीतला शब्द यंत्रानं बदलला तर तिथल्या तिथे कळतो. सगळं लिहायची गरज नाही. गाणी, पाककृती, नावं आणि गावं आधी लिहा. नावांचं लेखन बोलणारं माणूस समोर असतानाच तपासून घ्या.

चाव्या कुणाकडे

शेवटची गोष्ट घरात बोलायला जड जाते, पण ती ठरवावीच लागते. सगळी रेकॉर्डिंगं बाबांच्या गूगल खात्यात आहेत आणि पासवर्ड फक्त बाबांना ठाऊक आहे, अशी स्थिती अनेक घरांत असते. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या फाइलींसकट, काढून टाकलं जाऊ शकतं. २०२३ च्या डिसेंबरपासून हा नियम अमलात येऊ लागला. म्हणजे माणूस गेल्यावर दुःख ओसरून खातं उघडायची आठवण होईपर्यंत मुदत संपलेली असू शकते.

गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. किती महिने खातं वापरलं गेलं नाही म्हणजे कळवायचं, कुणाला कळवायचं आणि त्यांना कोणत्या फाइली द्यायच्या, हे बाबांनी स्वतः त्यात भरायचं असतं. तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंतची मुदत निवडता येते. ॲपलमध्ये यासाठी 'लेगसी काँटॅक्ट' आहे. ज्याला नेमाल त्याला एक चावी मिळते, आणि पुढे मृत्यूच्या दाखल्यासह ती वापरून फाइली मागता येतात. ती चावी छापून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवा. रेकॉर्डिंगांची वही आणि पेन ड्राइव्हही तिथेच, आणि ते तिथे आहे हे घरातल्या किमान दोघांना सांगून ठेवा.